दस्तीखालचा हात

दादा,

तुझी तेरवी होऊन गेल्यावर शब्बीरभाई भेटायला आले. नेकनूरच्या बाजारात जुन्या गाड्यांची दलाली करतात ते, तुझे जुने दोस्त. त्यांच्या घरातही आजारपण होतं, म्हणून आधी येता आलं नाही म्हणाले. ओसरीवर बसले, आईशी दोन शब्द बोलले, डोळे पुसले. मी चहा टाकायला उठले आणि जाता जाता अंगणात नजर गेली. लिंबाखाली निळी मोटरसायकल उभी होती. टाकीच्या डाव्या अंगाला पोपटाचं अर्धवट निघालेलं स्टिकर. तीच गाडी. इंजिन आधी एकदा उघडून दुरुस्त केलेलं आहे असं सांगून दोन वर्षांमागे तू मला घेऊ दिली नाहीस, ती. गॅसवर आधीच ठेवलेलं दूध उतू गेलं तरी मी दारातच उभी होते.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुझ्या तोंडावरच बोलते आहे, त्यामुळे चहाडी होत नाही. गेले तीन आठवडे जो येतो तो मला एकच सांगतो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं, बहिणीला पाठीमागं बसवून गावोगाव हिंडवलं त्यानं. मी मान हलवते. शब्बीरभाई येईपर्यंत ती मान खरी हलत होती.

शब्बीरभाईंच्या हातात कप दिला आणि मी सरळ गाडीपाशी गेले. दुखवट्याच्या घरात बाईनं पाहुण्याच्या गाडीखाली वाकून नट तपासत बसावं, हे दिसायला बरं नव्हतं. वहिनीनं दोनदा हाक मारली. मी ऐकलं नाही. कारण जुनी गाडी कशी बघायची, हे मला तू शिकवलं आहेस, आणि तुझ्यासारखं शिकवणारं कुणी नव्हतं हे अजूनही मी म्हणते.

आठवतं का, किती वैतागायचास माझ्यावर? मी आधी रंग बघायचे. तू म्हणायचास, "वंदे, रंगावर जाऊ नको. बापू बैलाच्या झुलीकडं बघत व्हते का?" आपले बापू बैलांचे दलाल. दात बघायचे, खांद्यावरून हात फिरवायचे, बैल चालवून बघायचे. तू तेच गाडीला लावलंस. सकाळी न सांगता जायचं आणि आधी इंजिनला हात लावायचा. कोमट लागलं तर समजायचं, मालकानं आपण यायच्या आधी चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती सुरू होत नाही. मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो मागं फिरवता येतो. पाय ठेवायच्या जागेचं रबर बघायचं, ते फिरवता येत नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालायचं, काजळी कोरडी निघाली तर ठीक, चिकट निघाली तर नमस्कार करून परत यायचं. इंजिनच्या नटांच्या कडा बघायच्या, पान्याचे ओरखडे असले तर ते आधी उघडलेलं आहे. आणि मग मागं दहा पावलं जाऊन खाली बसायचं आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघायचं. पडलेली गाडी कितीही रंगवली तरी मागून वाकडी दिसते, असं तू म्हणायचास. नवरा बघायलाही तूच गेला होतास म्हणा. तिथं तुला समोरून, मागून काहीच वाकडं दिसलं नाही.

तो नवरा मला सोडून गेला, त्याचं दुःख मी कधीच सोडलं. मी माहेरी आले तेव्हा आईला लकवा मारून महिना झाला होता. तुझं, वहिनीचं शेतात, आईचं माझ्याकडे, असं आपोआप ठरलं. कुणी ठरवलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही, कारण आई माझी होती. मग बचत गटातून पशुसखीचं काम मिळालं. शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, बायांना गोठा कोरडा ठेवायला सांगायचं. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जायचं, लशीचा थंड डबा घेऊन. एसटी तिकडे जात नाही. तुझ्या जुन्या गाडीवर तू मला सोडायचास. पुढं तूच मला त्या गाडीवर शिकवलंस, मोकळ्या शेतात, आणि साडीचा पदर साखळीत अडकून मी पडले तेव्हा आधी गाडी उचललीस आणि मग मला. बाई गाडी चालवते म्हणून पारावर बोलणी झाली, तेव्हा तू तिथं जाऊन म्हणालास, "माझी बहीण हाय, माझं पेट्रोल हाय, तुमचं काय जळतंय बे?" त्या दिवशी मला वाटलं, आता मला काही कमी नाही.

आणि मग तेलगावचं काम निघालं. तिकडच्या गावांतल्या सगळ्या पशुसखींवर देखरेख करायची, पगार बरा, पण अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. तिकडे खोली करून राहावं लागलं असतं, आठवड्याला घरी येता आलं असतं. मी घरात सांगितलं तेव्हा तूच पहिल्यांदा म्हणालास, गाडी बघू. तीस हजारांच्या आत बसवू, म्हणालास. माझ्या चार शेळ्या विकायला तूच बाजारात घेऊन गेलास. तुझ्या तोंडावर मला काहीही दिसलं नाही. मी तेव्हा रबर, नट, काजळी बघायला शिकत होते, तोंड बघायला तू शिकवलं नव्हतंस.

गेवराईला आपण पहिली गाडी बघितली. इंजिन गरम होतं, ते मीच ओळखलं, तू पाठ थोपटलीस. लिंबागणेशच्या एका गुरुजींची गाडी बघितली, घर ते शाळा एवढीच फिरलेली. गुरुजींनी सीटला अजून प्लास्टिक ठेवलेलं. तू मागं जाऊन बसलास, एक डोळा मिटलास आणि मान हलवलीस. चौकट वाकडी आहे म्हणालास. मला सरळ दिसत होती. मी तसं म्हटलं तर म्हणालास, "तुला अजून नजर न्हाई आली." मी मानलं. मग एकीचे कागद बरोबर नव्हते, एकीचा मालक पोटात ठेवून बोलत होता, एक तुला नुसतीच आवडली नाही. आपलं एक भांडणही चालू होतं तेव्हा. मला साडीमुळे बटणावर चालू होणारी हवी होती आणि तू म्हणायचास, बटणाची सवय लागली की पाय आळशी होतो, गाडी किकचीच घ्यावी. आख्ख्या रस्त्यानं आपण त्यावर भांडत जायचो आणि येताना भजी खायचो. मला ते दिवस फार आवडले होते, दादा. हेच मला आता सहन होत नाही.

निळी गाडी नेकनूरला शब्बीरभाईंकडे दिसली. मी सगळं बघितलं. काजळी कोरडी, नटांच्या कडा स्वच्छ, चाकं रेषेत. मी उठून तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, मला हिच्यात काही सापडत नाही. तू हसलास. म्हणालास, मग भाव करू, आणि खांद्यावरची दस्ती, तो लाल काठाचा मोठा रुमाल, काढलीस.

बैल कमी झाले, बैलांचे दलाल गाड्यांकडे वळले, पण बाजारातली ती रीत गेली नाही. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर दस्ती टाकायची आणि आतून एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं आणि कशी दाबली, त्यावरून आकडा. भोवती दहा माणसं उभी असली तरी दोघांशिवाय कुणाला कळत नाही. बाईमाणसाला त्या दस्तीखाली हात घालता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. मी माझ्या पिशवीतले शेळ्यांचे पैसे धरून उभी होते आणि तुमच्या दस्तीकडे बघत होते. बराच वेळ लागला. शब्बीरभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मला वाटलं, भावात ओढाताण चालली आहे. माझा भाऊ माझ्यासाठी झगडतो आहे.

तू परत आलास आणि म्हणालास, "लई वर बोलतोय. आन् इंजिन उघडलेलं हाय वंदे."

मी म्हटलं, नटांवर एक ओरखडा नाही. तू म्हणालास, डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतं. मी माझे डोळे बाजूला ठेवले आणि तुझा हात खरा मानला.  परत येताना तू भजी घेतलीस, ती मी खाल्ली नाहीत.

तेलगावची जागा दुसऱ्या बाईला गेली. तिच्या नवऱ्यानं तिला गाडी घेऊन दिली होती. मला निरोप आला तेव्हा मी तुझ्या पाठीमागे बसले होते, आपण वस्तीवरून घरी येत होतो. मी तुझ्या पाठीला डोकं लावून रडले. तू गाडी हळू केलीस आणि मागं न बघता म्हणालास, मी हाय न्हाई का, कुठं जायचं तिथं सोडतो. आणि तू सोडलंस. हे खोटं नाही. पुढची दोन वर्षं तू मला ज्या वस्तीवर सांगितलं त्या वस्तीवर नेलंस. मी लस टोचायचे, तू शेळीचे कान धरायचास. एका म्हातारीच्या बोकडानं तुला मांडीवर अशी धडक दिली की आठवडाभर लंगडत होतास, आणि त्या म्हातारीच्या दारातून जाताना रोज विचारायचास, पाव्हणं हायत का घरी? लस संपेपर्यंत बाभळीखाली बसून राहायचास. येताना सगळ्या गावाच्या गोष्टी मला सांगायचास. नवऱ्याच्या घरी मी जेवढी वर्षं काढली, तेवढ्यात मिळून माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. मी तुला मनातल्या मनात किती वेळा धन्यवाद दिले असतील. ते सगळे मला परत हवे आहेत.

तर शब्बीरभाई आले त्या दिवशी मी त्या गाडीखाली वाकले होते. दोन वर्षं बाजारात रोज फिरलेली गाडी, आणि नट अजून तसेच, पान्याचा स्पर्श नाही. मी मागं दहा पावलं गेले, अंगणात फतकल मारून बसले, एक डोळा मिटला. चाकं सरळ. शब्बीरभाई कप हातात धरून ओसरीवरून माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, हिचं इंजिन कधी उघडलं होतं? ते म्हणाले, दोन वर्षं मीच वापरतो, उघडायची पाळीच आली नाही. मग मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही आकडा किती वर सांगितला होता?

त्यांनी कप खाली ठेवला.  मग म्हणाले, "ताई, आता झाकून काय करायचं. आकडा झालाच न्हाई. मी बोटं धराया गेलो तर त्यानं माझा पंजाच धरला. अन् हळू बोलला, शब्बीर, हिला गाडी देऊ नको."

"कावून?"

"म्हनला, गाडी आली की ही तेलगावला जाती. मग म्हातारीचं कोण बघील? अन् मला तरी बोलायला घरात कोण हाय?"

मला वाटलं होतं, ते ऐकून मी रडेन. मला राग आला, दादा. इतका राग मला नवरा सोडून गेला तेव्हा आला नव्हता. तो परका होता, त्याच्याकडून माझी फार अपेक्षाही नव्हती. तू केसानं गळा कापलास. कुंपणानंच शेत खाल्लं तर ओरडायचं कुणाकडे? आणि वर त्या कुंपणाचंच कौतुक मी सगळ्या गावाकडून ऐकून घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझ्या झाकल्या मुठीत माझी नोकरी होती.

आता गुरुजींची गाडीही मला सरळ दिसते. कागद बरोबर नसलेली, मालक पोटात ठेवून बोलत होता ती, सगळ्या. त्यातल्या कुठल्या खरंच वाईट होत्या आणि कुठल्या तू वाईट ठरवल्यास, हे सांगायला तू नाहीस. पारावर तू माझ्यासाठी भांडलास, ते तरी खरं होतं ना? माझी बहीण, माझं पेट्रोल, म्हणालास. पेट्रोल तुझं होतं तोवर ठीक होतं, असंच ना?

आईचं कोण बघणार, हा प्रश्न खोटा नव्हता. तो मलाही रोज पडायचा. पण तो तू शब्बीरभाईंना विचारलास, मला नाही. मी स्वयंपाकघरात पाच हातांवर बसलेली असायचे. घरात बोलायला कुणी नाही, हेही तू बाजारातल्या माणसाचा हात धरून सांगितलंस. माझ्याशी दिवसभर बोलायचास आणि एवढं एकच माझ्याशी बोलला नाहीस. तू एकदा म्हणायचं होतंस, वंदे, जाऊ नको. मी राहिले असते की गेले असते, मला खरंच माहीत नाही. मला ते कधी कळणारच नाही, कारण तू मला तिथपर्यंत जाऊच दिलं नाहीस.

शब्बीरभाई निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, गाडी दुसऱ्या कुणाला विकायची नाही. मी बाजारात येते.

वहिनीला मी काही सांगितलं नाही. तिचं दुःख तिला पुरे आहे. तिनं तुझी पेटी उघडली होती, कपडे वाटायला काढले होते. तुझी ती लाल काठाची दस्ती माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "ही तुमाला घ्या. तुमच्यासाठीच लई वापरली त्यांनी, गाड्या बघाया." मी ती घेतली.

बाजाराच्या दिवशी वहिनी आईपाशी थांबली आणि मी बचत गटात ठेवलेले शेळ्यांचे पैसे घेऊन नेकनूरला गेले, एसटीनं, एकटी. शब्बीरभाईंभोवती गिऱ्हाईक होतं, दोन-तीन दलालही होते. तुला ओळखणारे, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. मी म्हटलं, निळी गाडी घ्यायची आहे. शब्बीरभाईंचा हात सवयीनं खांद्यावरच्या दस्तीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. बाईच्या हातावर दस्ती कशी टाकायची, हे त्यांना कळेना. एक दलाल म्हणाला, घरातला कोणी गडीमाणूस आणा ताई, मग बसू.

मी म्हटलं, "गडीमाणूस आणला व्हता मागं. आता तोंडानं बोला. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

बाजारात भाव मोठ्यानं बोलणं म्हणजे दलालाला चारचौघांत सदरा काढायला सांगण्यासारखं. शब्बीरभाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग घसा साफ केला आणि आकडा बोलले. मी कमी बोलले. ते थोडे उतरले, मी थोडी चढले. माणसं जमा झाली, कुणी हसलं, कुणी म्हणालं, दत्ताची बहीण हाय. मधेच मला वाटलं, तू मागं उभा आहेस आणि म्हणशील, अजून दोन हजार कमी कर, देतोय तो. मी अजून दोन कमी केले. दिली.

बसायच्या आधी इंजिनला हात लावला. गार होतं. मी हात लावून बघणार हे शब्बीरभाईंना माहीत असावं, सकाळपासून त्यांनी चालू केली नव्हती. त्या गाडीला किकही आहे आणि बटणही. मी बटण दाबलं. एकदाच दाबलं, चालू झाली. ते आपलं भांडण तू हरलास.

मोकळा रस्ता होता, टाकीत पेट्रोल होतं, पुढं फाटा होता. कुठंही जाता आलं असतं. सरळ घरी आले. आईच्या गोळीची वेळ झाली होती.

तेलगावची जागा परत निघणार आहे, असं कालच्या गटाच्या बैठकीत कानावर आलं. ती बाई सोडते आहे. मी जाईन की नाही, अजून ठरलेलं नाही. आईला समोर बसवणार आहे, वहिनीला बसवणार आहे आणि विचारणार आहे. वहिनी नको म्हणाली तर तिला नको म्हणू देणार आहे, माझ्या तोंडावर. मग मी भांडेन, रडेन, काय होईल ते होईल. पण सगळं तोंडानं. तुझी दस्ती सीटखाली ठेवली आहे. रोज सकाळी तिनं गाडी पुसते.